बाहेरून बसवलेला सनरूफ: जुन्या गाडीत चार वर्षं वापरला, नव्या गाडीत नको म्हटलं

मी बाहेरून, म्हणजे कंपनीतून नाही तर नंतर फिटरकडून टप कापून बसवून घेतलेला सनरूफ (टपातली उघडणारी काच) चार वर्षं वापरलाय, मनापासून आवडला मला, आणि तरी आत्ता घेतलेल्या गाडीत तो बसवणार नाहीये. ऐकायला उलटसुलट वाटेल पण कारण आहे, नीट सांगतो, कारण हा निर्णय घेताना मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, जो तो एकतर "मस्त दिसतो, करून टाक" नाहीतर "वेडा आहेस का, गळणार" एवढंच म्हणत होता.

जुनी गाडी म्हणजे छोटी हॅचबॅक, टप बऱ्यापैकी सपाट. त्यात मी स्पॉयलर टाइप घेतला, म्हणजे काच आधी मागच्या बाजूने उचलली जाते आणि मग टपाच्या वरूनच मागे सरकते, त्यामुळे आत डोक्यावरची जागा फारशी जात नाही. ह्याच्यापेक्षा साधा म्हणजे पॉप-अप, त्यात काच फक्त मागून तिरकी उघडते, बऱ्याचदा हातानेच, मोटर वगैरे काही नाही आणि म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. तिसरा इनबिल्ट, ह्यात काच टपाचा पत्रा आणि आतलं लायनिंग ह्यांच्या मधे सरकत जाते, दिसायला अगदी कंपनीतून आल्यासारखा, पण फ्रेम आत बसत असल्याने छत काही सेंटीमीटर खाली येतं. आणि ते मोठं पॅनोरमिक बाहेरून करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ निघा, त्या गाड्यांची बॉडीच मुळात तेवढ्या मोठ्या काचेच्या हिशोबाने बनवलेली असते, नंतर कापून ते होत नाही.

ब्रँडचं म्हणाल तर वेबास्टो ही जर्मनीतली १९०१ सालापासूनची कंपनी आणि इनाल्फा ही मूळची नेदरलँड्सची, ह्या दोघी गाड्यांच्या कंपन्यांना सनरूफ पुरवतात. पण चार वर्षांनंतर मला विचाराल तर काच आणि मोटर कुठल्या कंपनीची ह्यापेक्षा पत्रा कोणी कापला हे मी आधी विचारेन.

कापायच्या दिवशी मी तिथेच उभा होतो आणि तुम्हीही राहा. आमच्या फिटरने आधी बॅटरीची वायर काढली, लायनिंग खाली घेतलं आणि टॉर्च मारून टपाखालच्या आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते बघितलं. मग वरून कागदाचा साचा चिकटवला, दोन्ही बाजूंनी टेप लावून मापं घेतली, परत घेतली, परत घेतली, मला वाटलं हा वेळ काढतोय, पण तसं नव्हतं, तिथे थोडी जरी चूक झाली तरी पत्रा काही परत जोडता येत नाही. मग सीटवर चादरी टाकून कोपऱ्यात भोक पाडलं आणि जिगसॉ, म्हणजे पत्रा कापायची हातातली विजेची करवत, चालवली. आपल्या गाडीचा टप असा कापताना बघणं खरंच जड जातं, आणि निघालेला तुकडा हातात घेतला तर जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, एवढाच असतो तो पत्रा.

खरं काम त्याच्यापुढचं. लोखंडाचा कीस राहिला तर तोच गंजतो आणि पेंटवर तांबूस ठिपके पडतात, म्हणून त्याने व्हॅक्यूमने सगळा कीस काढला, कापलेल्या कडेवर कानस मारली, प्रायमर, वर पेंट, आणि ते सुकेपर्यंत गाडीला हात लावला नाही. ही कड पुढे कायम रबराखाली झाकली जाते, कच्ची राहिली तर आत गंज धरत राहतो आणि तुम्हाला पत्ता लागतो तेव्हा पेंटला फुगे आलेले असतात. तासाभरात करून देतो म्हणणारा ह्याच जागी वेळ वाचवणार. त्याला स्पष्ट विचारा, कड रंगवणार का आणि सुकायला किती वेळ ठेवणार, उत्तर देताना अडखळला तर दुसरीकडे जा.

आता गळतीचं. पहिलं वर्षभर एक थेंब नाही. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हरच्या पायाशी कार्पेट ओलं लागायला लागलं, गाडीत कुबट वास, आणि मी घाईघाईत जवळच्या एका गॅरेजमधे गेलो, त्याने बाहेरून फ्रेमच्या भोवती सगळीकडे सिलिकॉन फासून दिलं. वाईट चूक झाली ती. आठ दिवसांत पाणी परत सुरू, फक्त आता दुसऱ्या जागी, आतल्या लाइटमधून. पाणी शिरतं एका ठिकाणी आणि लायनिंगच्या मागून वाहत जाऊन दिसतं भलतीकडेच. शेवटी बसवणाऱ्याकडेच परत गेलो, त्याने आधी दोन तास ते सिलिकॉन खरवडलं आणि मग सापडलं काय तर आतल्या रिंगचे, म्हणजे फ्रेमला आतून टपाशी आवळून धरणाऱ्या कड्याचे, स्क्रू ढिले झाले होते. रबर नवं असतं तेव्हा जाड असतं, उन्हापाण्याने दबून बसतं आणि मग स्क्रूची पकड कमी होते, एवढंच. त्याने स्क्रू आलटूनपालटून आवळले, गळती बंद. काही महिन्यांनी एकदा आवळायला या असं तो म्हणाला होता, मीच गेलो नाही.

इनबिल्टमधे भानगड वेगळी असते. रबर सगळं पाणी अडवतं असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हाळीसारखा ट्रे असतो आणि साधारणपणे चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांमधून खाली उतरतात. पानं, धूळ, बारीक माती जाऊन ह्या नळ्या तुंबल्या की पाणी ट्रेवरून ओसंडून लायनिंगमधे. वर्षातून एकदोनदा प्रत्येक कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओतून खाली चाकांजवळ निघतंय का बघायचं. नाही निघालं तर तार घालू नका आणि कंप्रेसरची जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत सुटते आणि मग खांबाचं कव्हर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. मऊ प्लास्टिकची दोरी हळूहळू घालायची.

वापरायला कसा, तर सकाळच्या गार हवेत काच तिरकी करून चालवणं ह्यासारखं सुख नाही. गरम हवा वर चढते आणि तिथूनच निघून जाते, उन्हात उभी केलेली गाडी पटकन मोकळी होते. उलट दुपारच्या उन्हात काच बंद असली तरी डोकं तापतं, काच कितीही काळी असली तरी, म्हणून खालून सरकपडदा असलेलाच घ्या. पूर्ण उघडून थोडा वेग घेतला की कानात धपधप धपधप असं काहीतरी सुरू होतं, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो ना, तसंच आख्ख्या केबिनचं होतं, आवाज इतका खालचा की ऐकू येण्यापेक्षा कानावर दाब जाणवतो. पुढची जाळी किंवा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वरून वळवणारी पट्टी, असेल तर कमी होतं, आणि मागची एक खिडकी बोटभर उघडली की बहुतेक वेळा थांबतंच.

माझी मुलगी मागच्या सीटवर मान मागे टाकून काचेवरचे पावसाचे थेंब खालून बघत बसायची, मला वाटतं आमच्या घरात सनरूफचा सगळ्यात जास्त वापर तिनेच केला. पण बाहेर डोकं काढून उभं राहणं आम्ही कधीच चालू दिलं नाही, एक जोरात ब्रेक बसला तर मानेचं काय होईल ह्याचा विचार करा, प्लीज.

मग नव्या गाडीत का नाही? मुलीने विचारलं म्हणून मी त्याच फिटरकडे गेलो, ह्यावेळी इनबिल्ट घ्यायचं डोक्यात होतं. त्याने लायनिंगचा एक कोपरा खाली करून दाखवला. दोन्ही बाजूंना छताच्या कडेने पडद्याच्या एअरबॅगांच्या (धडकेत खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडतात त्या) गुंडाळ्या, आणि सनरूफची खिडकी जिथे येणार तिथेच टपाखालची आडवी पट्टी. गाडी उलटली किंवा बाजूने धडक बसली तर आकार धरून ठेवायला ह्या पट्ट्या मदत करतात. कंपनीतून सनरूफसकट येणाऱ्या गाडीत भोकाभोवती वेगळी मजबूत फ्रेम दिलेली असते, इथे ती नाही. तो म्हणाला, "दादा, पट्टी कापल्याशिवाय हा बसणार नाही. तुम्ही म्हणाल तर कापून देतो, पण माझ्या गाडीत मी नसता बसवला." हातातलं काम सोडून एवढं खरं सांगितलं त्याने, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. वर माझे वडील उंच आहेत, आत्ताच त्यांचं डोकं छताला लागायला थोडंसंच अंतर उरतं, ते गेलं असतं. आणि नव्या गाडीची वॉरंटी चालू आहे, टप कापल्यावर गंज किंवा गळती झाली तर कंपनी हात वर करणार आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. (बसवलाच तर विमा कंपनीला लेखी कळवा, जुन्या गाडीच्या वेळी मी कळवलं होतं.)

म्हणजे तुमच्या गाडीचा टप सपाट असेल, पट्टी कापावी लागत नसेल, एअरबॅगच्या जवळ जावं लागत नसेल आणि माणूस सावकाश काम करणारा मिळाला, तर स्पॉयलर किंवा पॉप-अप खुशाल बसवा. घेऊन निघायच्या आधी तिथेच वीस मिनिटं पाइपने पाणी मारायला लावा आणि आतून कडेकडेने टिश्यू पेपर दाबून बघा. पट्टी कापायची वेळ आली तर परत फिरा.

जुनी गाडी आता भावाकडे आहे. देताना सगळे स्क्रू आवळून दिले आणि रबर पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावलं. परवा रात्रभर पाऊस पडला तर सकाळी त्याने आपणहून फोन करून सांगितलं, कार्पेट कोरडं आहे.