रोलर ठेवा, पुस्तिका रद्दीत घाला

हा माझा दुसरा फोम रोलर, म्हणजे जमिनीवर ठेवून त्यावर पाय फिरवत आखडलेले स्नायू मोकळे करायचा फोमचा लोड. पहिला पांढरा होता, थर्माकोलच्या जातीचा, हलका. चार महिन्यांत मधोमध दबून त्याची होडी झाली. माझं वजन 68 किलो, म्हणजे त्याला फार सोसावं लागलं असंही नाही. म्हणून या वेळी आत कडक प्लॅस्टिकची पोकळ नळी आणि बाहेर ईव्हीए नावाच्या फोमचा थर असलेला घेतला. लांबी 33 सेंटीमीटर, व्यास 14. गेले आठ महिने आठवड्यातून पाच दिवस त्यावर माझ्या पोटऱ्या आणि मांड्या असतात, आणि आकार अजून जसाच्या तसा आहे. वस्तूबद्दल माझी तक्रार फारशी नाही. तक्रार आहे ती खोक्यात आलेल्या पुस्तिकेबद्दल.

मी 47 वर्षांची. दिवसभर मुद्रितं तपासत बसते, सकाळी पाच-सहा किलोमीटर धावते. बसून बसून मांड्यांची मागची बाजू आखडते, धावून पोटऱ्या. पुस्तिका म्हणते, हा रोलर स्नायूंतल्या गाठी फोडतो, स्नायूंभोवतीचं आवरण मोकळं करतो आणि साचलेली विषारी द्रव्यं बाहेर काढतो. सवयीने मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली आणि फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला दाखवली. ती म्हणाली, “अगं, तुझ्या लोळण्याने ते आवरण लांबणार असतं, तर एवढं धावून तुझी मांडी कधीच लोंबली असती.” नंतर शोधून वाचलं. 2008 सालच्या एका गणिती अभ्यासात असं निघालं होतं की मांडीच्या बाहेरच्या बाजूचं जाड आवरण जेमतेम 1 टक्का दाबायलाही माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो.

मग मोकळं वाटतं ते काय? ते पाहायला मी एक घरगुती खटाटोप केला. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पट्टीने मोजायचं. घोटा किती वाकतो ते यावरून कळतं. डावा पाय 8 सेंटीमीटर, उजवा 8.5. मग फक्त डाव्या पोटरीवर दोन मिनिटं रोलर फिरवला. डावा झाला 9.5. गंमत म्हणजे उजव्याला हातही लावला नव्हता, तरी तो 9 झाला! मला वाटलं पट्टी सरकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मैत्रिणीला नवल वाटलं नाही. एका पायावर रोलर फिरवला की दुसराही थोडा सुटतो, हे अभ्यासांतही दिसलंय. फोडलेल्या गाठी काही या पायातून त्या पायात जात नाहीत. म्हणजे बराचसा बदल मज्जासंस्थेतला असावा. ताण सहन करायची तिची तयारी थोडा वेळ वाढते, स्नायू कुरकुर उशिरा सुरू करतो. (पुन्हा पुन्हा मोजण्यानेही घोटा थोडा सैल होत असणार, तेवढी सूट माझ्या प्रयोगाला द्या.) अर्ध्या तासाने दोन्ही पाय जवळजवळ मूळ आकड्यावर आले होते.

धावण्याआधी मला हे पुरतं. 2013 साली मॅकडोनल्ड नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 11 पुरुषांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंवर एकेक मिनिट असं दोनदा रोलिंग करून घेतलं. दोन मिनिटांनी गुडघा सुमारे 10 अंश जास्त वाकत होता, दहा मिनिटांनी सुमारे 8 अंश, आणि स्नायूची ताकद कमी झाली नव्हती. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे शेवटचं. एकाच स्नायूला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ ताणून धरलं तर जोर तात्पुरता थोडा घटतो. रोलरने ते होत नाही. मात्र वेग वाढेल या आशेने घेऊ नका. 2019 साली 21 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आधी केलेल्या रोलिंगने लवचिकता सरासरी 4 टक्के वाढलेली दिसली, छोट्या धावेचा वेग फक्त 0.7 टक्के. माझ्या घड्याळाला तो फरक आजवर दिसलेला नाही.

चढावर धावल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकतात, त्यावर मात्र आराम पडतो. ठणका जात नाही, पण जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही.

पुस्तिकेचं दुसरं पाप म्हणजे ‘जितकं दुखेल तितका फायदा’ हे वाक्य. पहिल्या आठवड्यात ते मानून मांडीच्या बाहेरच्या बाजूवर सगळं वजन टाकलं आणि तळहाताएवढा काळानिळा डाग दहा दिवस मिरवला. आता एका स्नायूला दीड मिनिट देते, हळूहळू, श्वास न रोखता. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर गेलं की दुसरा पाय जमिनीवर टेकून भार कमी करते. गुडघ्याची मागची खळगी आणि हाडं वगळते. कमरेवर तर हा कधीच फिरवत नाही. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा नुकतं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. पुस्तिकेत याचा एक शब्दही नाही.

बाकी किरकोळ. पहिले आठ-दहा दिवस रबरी वास येतो. गुळगुळीत फरशीवर घसरतो, खाली चटई हवीच. फोमच्या खाचांत केस आणि धूळ अडकते, जुन्या दात घासायच्या ब्रशने निघते. पाठीच्या कण्यालगत उभा ठेवून झोपायला 33 सेंटीमीटर अपुरे पडतात, त्यासाठी 90 चा लागेल. टोकदार उंचवट्यांचा प्रकार मैत्रिणीकडे वापरून पाहिला, मला तरी तो नुसताच टोचला. सहाव्या महिन्यात एका टोकाचं टोपण सैल झालं होतं, ते गोंदाने चिकटवलं. अजून टिकून आहे.