आठ महिने ई-चलन तपासतेय: साताऱ्यातला अनुभव

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर मी गेले आठ महिने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाते. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या वेळी मात्र अख्खी दुपार गेली होती, आणि त्या दुपारी जे कळलं ते आधीच कळायला हवं होतं असं अजून वाटतं.

गाडीचा नंबर टाकायचा आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे. दोन्ही आरसीवर असतात. आमच्या कारवर एक चलन निघालं, वेगमर्यादेचं, 2000 रुपयांचं. पुण्याहून येताना खंबाटकी घाट उतरला की रस्ता मोकळा मिळतो आणि काटा कधी चढतो कळत नाही. फोटोत नंबर प्लेट स्पष्ट होती. चूक माझी होती, तिथल्या तिथे यूपीआयने भरून टाकलं.

मग सहज बाबांच्या जुन्या मोटारसायकलचा नंबर टाकला. ती दोन वर्षांपूर्वी विकलेली, पण आरसीची झेरॉक्स फाईलला होती. सहा चलनं! सगळी विनाहेल्मेटची, प्रत्येकी 500 रुपये. एका फोटोत गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेल्या, आणि हेडलाइटच्या वर बाबांनी चिकटवलेलं जोतिबाचं स्टिकर तसंच. बाबांनी चष्मा लावून तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. "चाळीस वर्षं गाडी चालवली, एक पावती फाडली नाही कुणी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

झालं असं होतं की विकताना आम्ही सह्या केल्या, कागद एजंटाच्या हातात दिले, "करून टाकतो ताई" एवढ्यावर विश्वास ठेवला. गाडी कधी नावावर झालीच नाही. चलनाचे मेसेज बाबांच्या बंद पडलेल्या सिमवर जात राहिले. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायची. फॉर्म 29 आणि 30 त्यासाठीच असतात. नोंदीत नाव ज्याचं, चलन त्याच्या दारात. सुदैवाने घेणारा माणूस भला निघाला. सगळे पैसे भरले, माझ्याबरोबर आरटीओत आला, आणि गाडी नावावर करून घेतली. मी तेवढ्यात कारच्या नोंदीतला मोबाइल नंबरही परिवहनच्या साइटवर बदलून घेतला. हे काम प्रत्येकाने आज करावं.

लायसन्सच्या पॉइंटचं प्रकरण घरात निघालं ते भाच्यामुळे. तो इंग्लंडला असतो. वेगासाठी त्याला 3 पॉइंट बसले आणि तो इतका घाबरला की आईला वाटलं काही गुन्हाच केला. तिकडे वेगाच्या गुन्ह्याला किमान 100 पौंड दंड आणि 3 पॉइंट. तीन वर्षांत 12 झाले की गाडी चालवायला बंदी येऊ शकते. नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत 6 झाले तरी लायसन्स रद्द, पुन्हा लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा. म्हणून भाचा दर थोड्या दिवसांनी सरकारी साइटवर स्वतःची नोंद बघतो. तिथे पॉइंट माणसाच्या लायसन्सला चिकटतात.

"मग आपले किती पॉइंट?" आईने विचारलं. कॅमेऱ्याचं चलन आपल्याकडे गाडीच्या नंबरावर निघतं, चालवणारा कोणीही असो. म्हणूनच दूधवाल्याची चलनं बाबांच्या नावावर आली. पण लायसन्स सुरक्षित असतं असं मात्र समजू नये. विनाहेल्मेट आणि ट्रिपल सीट, दोन्हींना कायद्यात दंडासोबत तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, पोवई नाक्यावर रोज दिसतात तिघे-तिघे. स्वतःच्या लायसन्सची स्थिती सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून बघता येते. मी बाबांचंही बघितलं. नोंद व्यवस्थित आहे हे त्यांना दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

चलन चुकीचं वाटलं तर तक्रारीची सोय त्याच साइटवर आहे. मला वेळ आली नाही, पण फोटो नीट मोठा करून गाडीचा रंग आणि मॉडेल बघायची सवय लावून घेतली आहे.

आणखी एक सांगायचंच आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: तुमच्या गाडीवर चलन आहे, हे अ‍ॅप डाउनलोड करा. फाईलच्या शेवटी एपीके लिहिलेलं. ती उघडली की फोनमधले ओटीपी चोरांच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. काका बोट लावणारच होते. मी फोन बाजूला ठेवायला लावला, त्यांची आरसी मागवली आणि माझ्या फोनवर खरी साइट उघडली, शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलेली. नंबर टाकला. काकांच्या स्कूटरवर एकही चलन नव्हतं.