केसांच्या कलरवर 'हीट'चे वेगळे पैसे मागितले, तर आधी हे वाचा

रेटकार्डावर किंवा बिलावर 'थर्मल कलर लॉक', 'हीट फिक्स' असलं काही दिसलं, तर थांबा आणि प्रश्न विचारा. माझ्याकडून याच नावाखाली अठराशे रुपये घेतले गेले. केस खराब झाले आणि डोक्याची आग झाली ती वेगळीच. पुण्यातलं चांगल्या वस्तीतलं, चकचकीत सलून होतं, त्यामुळे हे फक्त गल्लीबोळातल्या पार्लरमध्ये होतं असं कुणी समजू नये.

काम साधं होतं. मुळांशी आलेले पांढरे केस झाकायचे आणि खालपर्यंत एकसारखा गडद तपकिरी रंग करायचा. कलर लावून झाला तसं तिथल्या मुलाने तीन हातांचं एक मशीन डोक्याभोवती आणून उभं केलं आणि लाल दिवे लावले. "मॅडम, याने रंग आत लॉक होतो. तीन महिने हलणार नाही." याचे वेगळे पैसे आहेत का, असं मी तिथेच विचारलं. "पॅकेजमध्येच आहे," असं सांगितलं गेलं. शनिवारची संध्याकाळ होती, सोफ्यावर बायका नंबर लावून बसल्या होत्या.

थोड्याच वेळात भांगात आणि कानामागे चुरचुरायला लागलं. सांगितलं तर म्हणे, "कलर काम करतोय, तेवढं होतंच." पुन्हा जोरात सांगितलं, तेव्हा कुठे मशीन बाजूला झालं. केस धुवून वाळवले आणि आरशात पाहिलं तर मुळांशी दोन बोटं रुंदीचा तांबूस पट्टा, त्याखाली मातकट तपकिरी, आणि कानशिलावरचे पांढरे केस जसेच्या तसे. मॅनेजर बाई आल्या, केस चाचपले आणि म्हणाल्या, "तुमचे केसच पोरस, म्हणजे सच्छिद्र आहेत. केराटिन करून घ्या, ऑफर चालू आहे." पैसे भरताना पाहते तर बिलात हीटची ओळ वेगळी.

उष्णतेने रंग लॉक होत नाही. कायमस्वरूपी कलरमधला अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेलं रसायन केसावरचे खवले उघडतं. मग डेव्हलपरमधलं, म्हणजे कलरमध्ये मिसळायच्या द्रावणातलं, हायड्रोजन पेरॉक्साइड दोन कामं करतं: केसाचा मूळ रंग फिका करतं आणि कलरचे लहान रेणू आत शिरल्यावर त्यांचे मोठे रेणू बनवतं. मोठे झालेले रेणू सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून रंग टिकतो. या प्रक्रियेला वेळ लागतो, साधारण अर्धा ते पाऊण तास. उष्णता दिली की ती फक्त जलद होते, आणि जलद झाली म्हणून रंग जास्त टिकतो असं नाही. खवले बसवायचं काम धुतल्यानंतरच्या आम्लधर्मी कंडिशनरचं असतं. म्हणजे मशीनमुळे वाचतो तो सलूनचा वेळ. शनिवारी एका खुर्चीवर जास्त गिऱ्हाईक बसतं. त्या वाचलेल्या वेळेचे पैसे आपल्याकडून घेणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे.

मुळांशी पट्टा का आला, तेही नंतर दुसऱ्या एका अनुभवी रंगकाम करणाऱ्या ताईंनी समजावलं. डोक्याच्या अंगच्या उबेमुळे मुळांशी कलर आधीच लवकर चढतो. त्यात वरून दिव्यांची धग. तिथे पेरॉक्साइडने मूळ काळा रंग जास्त उतरवला, आणि आपल्याकडचे काळे केस फिके होताना आधी लालसर, मग नारिंगी दिसतात. कानशिलावर उलटं झालं. तिथे कलर पातळ लागला होता, वर प्लॅस्टिकची टोपी घातलेली नव्हती. कोरड्या उष्णतेने तो वाळून गेला, आणि वाळलेला कलर काम करायचा थांबतो. पांढरे केस तसेच राहिले ते त्यामुळे. माझ्या केसांचा 'पोरसपणा' इथे कुठेच नव्हता.

उष्णता प्रत्येक वेळी चुकीचीच असते असं मात्र नाही. काही कंपन्या आपल्या माहितीपत्रकात मशीन वापरायची मुभा देतात, पण मग वेळ कमी करायला सांगतात. म्हणून जे काही करायचं ते त्या ट्यूबसोबतच्या कागदाप्रमाणे. मी तो कागद मागितला, मिळाला नाही. मग रविवार पेठेतल्या होलसेल दुकानातून त्याच कलरची ट्यूब आणली. आतल्या कागदावर पस्तीस मिनिटं, तीही खोलीच्या तापमानाला, असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

डेव्हलपरचा आकडाही विचारा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला सहसा २० चं वापरतात. ३० किंवा ४० चं लावून वर हीट दिली तर त्वचा पोळायचा धोका बराच वाढतो. माझ्या डोक्यावर कोणतं लावलं, हे मला शेवटपर्यंत सांगितलं गेलं नाही. मेंदी लावता का, हेही कुणी विचारलं नाही. बाजारातल्या काही काळ्या मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस स्वतःच तापतात, तुटतात, आणि त्यात मशीन लावलं तर काय होईल याची कल्पना करा. तुमची आई किंवा सासूबाई वर्षानुवर्षं मेंदी लावत असतील तर त्यांच्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, आधी एका बटेवर करून बघायला सांगा. आणि ४८ तास आधीची पॅच टेस्ट, म्हणजे थोडा कलर त्वचेवर लावून त्रास होतो का ते बघणं. तिची सूचना कलरच्या पाकिटावरच असते, पण मी ज्या सलूनमध्ये गेले तिथे कुणी तिचं नावही काढलं नाही.

चुरचुरलं की मशीन लगेच काढायला लावा, कुणाची भीड ठेवू नका.

मी त्याच दिवशी घरी येऊन दिवसाउजेडासारख्या पांढऱ्या दिव्यात फोटो काढले, सकाळी पुन्हा काढले. त्वचारोगतज्ज्ञांनी सौम्य केमिकल बर्न असं लिहून दिलं. बिल, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ट्यूबमधला कागद जोडून सलूनला ईमेल केली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर हीटचे आणि कलरचे पैसे परत आले. डॉक्टरांचा खर्च ते द्यायला तयार नाहीत, त्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कागद मात्र हवेत. दिल्लीत एका मोठ्या हॉटेलच्या सलूनमध्ये चुकीचे केस कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण नुकसानीचा पुरावा समोर आलेला नव्हता. म्हणून केस धुतल्या धुतल्या फोटो काढा, आणि बिलावर प्रत्येक सेवेचं नाव आणि कलरचा शेड नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.