सरकारी मदत हजार पौंड, त्यातच पेटी आणि त्यातच भटजी

मामा जानेवारीत गेले. लंडनमधल्या वेंब्लीजवळच्या दोन खोल्यांत उरली मामी, तिचं पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांना मिळणारा सरकारी भत्ता) आणि चहाच्या डब्यात जपून ठेवलेले चारशे पौंड. मूलबाळ नाही, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली. ब्रिटिश सरकारची ‘फ्युनरल एक्स्पेन्सेस पेमेंट’ ही अंत्यविधीच्या खर्चाची मदत आम्ही घेतली. इथल्या मराठी घरांत याबद्दल कुणी बोलत नाही. लाज वाटते की माहीतच नसतं, देव जाणे. म्हणून हे लिहितोय. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.

फोनचं काम चांगलं झालं. एसएफ २०० नावाचा छापील अर्जही असतो, पण फोनवर सोपं पडतं. मामीला इंग्रजी फोनवर जड जातं, म्हणून मी स्पीकर लावून शेजारी बसलो. नातं काय, तुम्हाला कोणता भत्ता मिळतो, गेलेल्या माणसाच्या नावावर काही आहे का, असे प्रश्न. मृताच्या नावावर पैसे निघाले तर सरकार दिलेली मदत त्यातून वसूल करतं. मामांच्या नावावर बसपास होता. मामीला मधेच रडू आलं, तेव्हा पलीकडची बाई गप्प थांबली, मग म्हणाली, सावकाश होऊ द्या. एक तारा त्या बाईचा.

आता पैशांचं. दहनाची फी मिळते, मृत्यूच्या दाखल्यांचे पैसे मिळतात, दफन असेल तर कबरीच्या जागेची फीसुद्धा मिळते. बाकी सगळ्याला मिळून १,००० पौंड. पेटी, गाडी, फुलं, फ्युनरलवाल्यांची फी, सगळं त्यात. २००३ पासून हा आकडा ७०० होता, एप्रिल २०२० मध्ये हजार झाला आणि तिथेच बसलाय. आमचं बिल आलं ४,२६० पौंडांचं. त्यातले ९८० दहनाचे. ते आणि वरचे हजार सरकारने दिले, उरलेले २,२८० आम्ही भाच्यांनी काढले.

आणि इथे एक गोम आहे. फ्युनरलवाल्यांनी (नाव घेत नाही) बिलावर एकच ओळ लिहिली होती: ‘हिंदू पॅकेज’. त्यात अंघोळ घालणं, धोतर नेसवणं, पेटी घरी आणून अर्धा तास थांबणं, जादा वेळेचं स्मशानगृह, सगळं एकत्र. असं बिल चालत नाही, फोड करून हवी. कारण या मदतीच्या २००५ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की मृताच्या धर्माच्या गरजेपायी दहनाचा किंवा दफनाचा जो खर्च वाढला असेल, तो त्या फीमध्ये धरायचा नाही. तो हवा तर त्या हजारातून भागवा. फोड करून घेण्यात आमचे दोन आठवडे गेले. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा: प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा.

मी चिडून एका वकील मित्राला विचारलं, हे मानवी हक्कांत बसतं का? तो हसला. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यातलं कलम ९ धर्म पाळू देतं, त्याचं बिल भरत नाही. न्यूकॅसलच्या दवेंदर घईंनी उघड्या चितेसाठी पालिकेशी भांडण मांडलं. २००९ मध्ये हरले, २०१० मध्ये अपील कोर्टात जिंकले, तेही ‘इमारत’ या शब्दाचा अर्थ सैल धरल्यामुळे. परवानगीचा रस्ता मोकळा झाला, लाकडाच्या पैशांचा प्रश्नच नव्हता. २०१८ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने एका कॉरोनरचं (संशयास्पद किंवा अचानक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) धोरण बेकायदा ठरवलं. धर्मामुळे लवकर अंत्यसंस्कार हवेत म्हणून कुणाचीच फाइल पुढे घ्यायची नाही, असं ते धोरण होतं. ज्यू आणि मुसलमान कुटुंबांना त्याचा मोठा आधार झाला. आम्हाला नाही, कारण आमची अडचण कॉरोनरची नव्हती, दहनाच्या तारखेची होती. दहावा दिवस उजाडला तेव्हा मामा अजून शीतगृहात. भटजी म्हणाले, अग्नी दिल्यापासून मोजू. दुसरं काय म्हणणार?

स्मशानगृहात मुखाग्नी म्हणजे एक हिरवं बटण. ते मी दाबलं. मडकं फोडायला मिळालं ते बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, आणि खापऱ्या मीच गोळा केल्या. पेटीत मामीला नारळ ठेवायचा होता. तिथला माणूस अदबीने म्हणाला, नारळ भट्टीत फुटतो, नको. तुळस, गंगाजल आणि तूप चाललं. मामी मला हळूच म्हणाली, “अरे, खोबऱ्याची वाटी तरी चालेल का विचार.” वाटी चालली.

अर्ज करायला अंत्यविधीपासून सहा महिने असतात, पण बिल हातात येताच करा. बिल भरलेलं नसेल तर पैसे थेट फ्युनरलवाल्यांच्या खात्यात जातात, हे बरं आहे, कारण मामीच्या डब्यातले चारशे तसेच राहिले.

त्या चारशेत ती दिवाळीनंतर नाशिकला जाणार आहे, रामकुंडावर. तिकिटाला कमी पडतील ते मी घालीन, ते सरकार देत नाही आणि आम्ही मागितलंही नाही. अस्थी सध्या देवघराखालच्या कपाटात आहेत, शेजारी दहनाचा दाखला. विमानतळावर विचारतील म्हणून मामीने त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात.