तर्कशास्त्राचा वर्ग: जरूर जा, पण न्यायदर्शनासाठी जादा तास मागून घ्या

आमच्या डोंबिवलीतल्या एका वाचनालयाने मोठ्या माणसांसाठी तर्कशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग घेतला. शिकवणाऱ्या बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. फी १५०० रुपये, झेरॉक्स नोट्स त्यातच. मी सोसायटीची सेक्रेटरी. सभेत आवाज चढतात तेव्हा दोन माणसं खरं तर दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात, असं मला नेहमी वाटायचं. ते नेमकं कुठे घडतं हे शिकायला मी गेले, आणि तेवढ्यापुरते माझे पैसे पुरेपूर वसूल झाले.

बाईंची पद्धत अशी: प्रत्येकाने घरात किंवा कामावर ऐकलेलं एक वाक्य आणायचं, त्या ते फळ्यावर लिहिणार आणि सगळ्यांनी मिळून ते सोलायचं. मी नेलेलं वाक्य होतं, ‘सगळे मेंटेनन्स वेळेवर भरत नाहीत.’ आमच्या सभेत यावरून जुंपली होती. बाईंनी विचारलं, “म्हणजे कुणीच भरत नाही, की काही जण भरत नाहीत?” फळ्यावर दोन विधानं झाली. पहिलं खोडायला वेळेवर भरणाऱ्या एकाच सभासदाची पावती पुरते. दुसरं खोडायचं तर एकूण एक सभासदाची पावती लागते. आमच्याकडे एक गृहस्थ आपली पावती नाचवत होते आणि खजिनदार थकबाकीदारांची यादी वाचत होते. दोघंही खरं बोलत होते, कारण त्यांच्यात विरोध नव्हताच. मग बाईंनी पुढचं सांगितलं: ‘सगळे भरतात’ आणि ‘कुणीच भरत नाही’ ही दोन्ही विधानं एकदम खोटी असू शकतात. ‘सगळे भरतात’ याचा खरा नकार ‘निदान एक जण भरत नाही’ एवढाच. मधली जागा नसते ती या जोडीत, आधीच्या जोडीत ती असते. तर्कशास्त्रात विचाराचे तीन मूळ नियम सांगतात. विधान आणि त्याचा नकार यांतलं एक खरं असतंच, हा त्यातला तिसरा नियम इतका स्वच्छ मला कुणी समजावला नव्हता.

अव्याघाताचा नियमही त्यांनी ॲरिस्टॉटलच्या अटींसकट शिकवला: एकाच गोष्टीला एकच गुण, एकाच वेळी आणि एकाच अर्थाने, असू आणि नसू शकत नाही. ‘पाणी येतं’ आणि ‘पाणी येत नाही’ यात सकाळ-संध्याकाळ घातली की भांडण मिटतं. हा नियम सिद्ध कसा करायचा, असं एका तरुणाने विचारलं. ॲरिस्टॉटलचं उत्तर असं की, नियम नाकारणाऱ्याने फक्त एक अर्थपूर्ण शब्द बोलावा. तो बोलला की ‘हे म्हणजे हे, ते नव्हे’ असं त्याने मानलेलंच असतं. आणि तो काहीच बोलणार नसेल, तर त्याच्यात आणि झाडात फरक उरत नाही. यावर चर्चा वेळ संपल्यावरही जिन्यात चालू राहिली.

तादात्म्याचा नियम, म्हणजे जी गोष्ट आहे ती तीच आहे, हा त्या मानाने लवकर आटोपला. शब्दाचा अर्थ बोलता बोलता सरकू द्यायचा नाही, ही शिस्त मात्र मनात बसली. ‘ती जागा माझी’ म्हणजे मी तिथे रोज गाडी लावतो, की ती माझ्या नावावर आहे?

‘जर-तर’साठी बाईंनी आपली म्हणच घेतली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून पोहऱ्यात पाणी आलं, तर आडात आहे हे पक्कं. पण पोहरा रिकामा आला म्हणून आड कोरडा म्हणायचं नाही. पोहरा फुटका असेल, दोर तोकडा असेल. रिकाम्या पोहऱ्यावरून आड कोरडा ठरवायची ही चूक आपण दिवसभर करतो.

आता तक्रारी. सत्यता-कोष्टकं, म्हणजे जोडविधान केव्हा खरं आणि केव्हा खोटं हे दाखवणारे तक्ते, फार घाईने झाली. पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भाग, असत्य असलं की अख्खं ‘जर-तर’ विधान सत्य का मानतात, हे अर्ध्या वर्गाला कळलं नाही आणि प्रोजेक्टर पुढे सरकला. नोट्सची अक्षरं बारीक, सोडवायला उदाहरणं जवळजवळ नाहीत. सगळ्यात वाईट वाटलं ते न्यायदर्शनाचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेचं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे अनुमान मांडायचे पाच अवयव, म्हणजे पायऱ्या, आणि वाद, जल्प, वितंडा हे चर्चेचे तीन प्रकार, एवढं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात उरकलं. सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती खोडत बसायची ती वितंडा. सभा चालवणाऱ्या माणसाला याहून उपयोगी काय असणार? इथे निदान दोन संध्याकाळी हव्या होत्या. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग, या जुन्या उदाहरणात ‘जसं स्वयंपाकघरात’ ही पायरी कशाला लागते, ते मला बाईंकडून सावकाश ऐकायचं होतं.

तरी पुढच्या तुकडीत नाव घाला, विशेषतः कुठल्याही समितीवर असाल तर. स्पर्धा परीक्षेची कोडी सोडवायला येणाऱ्यांनी मात्र येऊ नये, तो हा वर्ग नव्हे. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. फळा दिसावा म्हणून पुढच्या दोन रांगांत बसा, आणि वाक्य घरूनच लिहून आणा.