क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड: बोअरमधल्या आजीला परत आणणारं पुस्तक

विज्ञानकथा, अद्भुतकथा लिहीत असाल आणि कुठल्यातरी कार्यशाळेत कथेची चिरफाड करून घेतली असेल तर हे पुस्तक घ्याच. लेखक मॅथ्यू सॅलेसेस, जन्म कोरियातला, लहानपणी अमेरिकेत दत्तक गेला, आता तिकडे लेखन शिकवतो. पुस्तक २०२१ चं.

माझं झालं असं की एका ऑनलाइन कार्यशाळेत मी कथा दिलेली, मराठवाड्यातलं गाव, नऊशे फुटांवर बोअर कोरडी जाते आणि वारलेल्या आजीचा आवाज रात्री पाइपातून येतो, "पाणी हवंय का नुसतं बोलायचंय?" तिथला नियम असा की चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही, मग मी वीस मिनिटं माइक म्यूट करून ऐकत बसले, सगळ्यांचं एकच, आवाज म्हणजे भूत की सिग्नल, आणि संघर्ष कुठंय? मी मुकाट्याने दोन पॅरे खुलासा घातला आणि कथेतला जीवच गेला.

पुस्तक वाचल्यावर कळलं की हा गप्प बसायचा नियम आयोवाच्या रायटर्स वर्कशॉपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या नावाजलेल्या लेखन-अभ्यासक्रमाच्या वळणाचा, आणि क्राफ्ट क्राफ्ट (लेखनाचं तंत्र) म्हणून जे शिकवतात त्या एका ठरावीक वाचकाच्या अपेक्षा असतात. काय समजावून सांगायचं आणि काय गृहीत धरायचं हे तुमचा वाचक कोण त्यावर ठरतं. अद्भुतकथेत तर सगळा खेळच याचा आहे ना! मला एकदम श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठवली, नावडतीला रानात नागकन्या देवकन्या भेटतात, ती फक्त विचारते "बाई बाई, कुठं जाता?", तुम्ही खऱ्या का असं विचारतच नाही, आणि ऐकणाऱ्या बायकांपैकीही कुणी विचारत नाही.

बरं हा माणूस नुसता सिद्धांत सांगत नाही, २०२० मध्ये त्याची स्वतःची कादंबरी आली, त्यात एका माणसाला वाटतंय की आपण नाहीसे होत चाललोय, आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्याहून सरस असा दुसरा एक जण आधीच गायब झालाय. दोन्ही पाठोपाठ वाचा, शिकवणं आणि लिहिणं एकाच माणसाच्या डोक्यात कसं चालतं ते दिसतं.

तक्रार एवढीच की उदाहरणं बरीचशी पूर्व आशियाकडची, आपल्या कहाण्यांशी जोड आपली आपण लावायची. दुसरा अर्धा भाग कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी आहे, त्यात लेखकाला बोलू देणाऱ्या, त्यालाच प्रश्न विचारू देणाऱ्या पद्धती आहेत, तो आमच्या कार्यशाळेच्या सरांना मी पाठवलाय. शेवटचे स्वाध्याय मात्र सगळ्यांनी करा.

ते दोन पॅरे मी काढले. आता आजी पहिल्याच ओळीत बोलते.