आठ महिने, ९,००० किलोमीटर : ‘गाडी स्वतः चालेल’ यावर माझा विश्वास का बसत नाही

घर मानपाड्याला, ऑफिस महापेला. घोडबंदर रोड, कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोड हा माझा रोजचा रस्ता. अडास (म्हणजे ब्रेक, वेग आणि लेन सांभाळायला ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असलेली गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये सांगितलं गेलं, “सर, आत्ता लेव्हल टू आहे. अपडेट येत जातील तशी गाडी स्वतःच चालायला लागेल.” लेव्हल टू म्हणजे गाडी मदत करते, लक्ष मात्र ड्रायव्हरनेच ठेवायचं. आठ महिन्यांत दोन अपडेट आले. स्क्रीनवरचं चित्र बदललं, गाडीचं वागणं तेच राहिलं.

अटल सेतूवर ही यंत्रणा सुरेख चालते. २१.८ किलोमीटर ठळक पट्टे, मध्येच कोणी आडवं येत नाही, पायाला विश्रांती. नवी मुंबईत पाम बीच रोडवर नेरूळजवळ एकदा पुढच्याने कचकन ब्रेक मारला, तेव्हा माझा पाय पोचायच्या आत गाडीने ब्रेक लावला होता. बायको शेजारी बसली होती. तेवढ्यासाठीही मी हे फीचर पुन्हा घेईन.

पण घोडबंदरवर मेट्रोच्या कामात लेन सरकवल्या, जुने पट्टे नीट पुसलेच नाहीत. गाडी जुना पट्टा धरते आणि स्टेअरिंग बॅरिकेडकडे ओढते. पुढच्या गाडीपासून ठेवायचं अंतर सेटिंगमध्ये सगळ्यात कमी केलं तरी पुढे रिक्षा घुसते, गाडी दचकून ब्रेक मारते, मागचे हॉर्न वाजवतात. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी होतं, समोरचं धड दिसत नव्हतं आणि नेमका तेव्हाच ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ असा मेसेज आला. माझ्या मुलाला नुकतंच लायसन्स मिळालंय. तो या गाडीत हात सैल सोडून बसतो, म्हणून हे लिहितोय.

टेस्लाने २०१६ मध्ये सांगितलं होतं की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण सेल्फ-ड्रायव्हिंगला लागणारं हार्डवेअर असेल. २०१९ मध्ये इलॉन मस्क म्हणाले, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टॅक्सी. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये ही सेवा सुरू व्हायला जून २०२५ उजाडला, तीही मोजक्या गाड्यांनी, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. तिथले रस्ते आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तीचे, तरी ही गत.

माझ्या मते खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. लेव्हल टूमध्ये गाडी चुकली तर सावरायचं ड्रायव्हरने. लेव्हल थ्रीत, ठरलेल्या परिस्थितीपुरती का होईना, रस्त्यावरची नजर काढायची मुभा असते. मर्सिडीजला डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत तशी मंजुरी मिळाली, ती सुरुवातीला ठरावीक हायवेवर आणि ताशी ६० किलोमीटरपर्यंतच. इतकी जपून आखलेली हद्द मला पटते. “लवकरच सगळीकडे” हे पटत नाही.

पुढच्या अपडेटच्या पैशांसाठी फोन आला, तेव्हा मी एकच विचारलं : मॅन्युअलमधलं ‘संपूर्ण जबाबदारी चालकाची’ हे वाक्य त्यानंतर निघेल का? विचारून सांगतो म्हणाले, अजून उत्तर नाही. पैसे मी भरलेले नाहीत. लेन असिस्ट, म्हणजे पट्टे बघून स्टेअरिंग वळवणारं फीचर, घरातून निघतानाच बंद करतो आणि ऐरोली मागे पडली की चालू करतो. इमर्जन्सी ब्रेक मात्र कायम चालू.